डाव्या बाजूचा घास

मुलुंड पूर्व
९ जानेवारी २०२५

ताई,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून पोस्टाने लिहिते. मुलुंड ते कांदिवली दोन बसचं अंतर, पण पाकिटाला पाच दिवस लागतील म्हणाली काउंटरवरची बाई. चालेल. आई जाऊन दोन वर्षं पाच महिने झाले, तेवढेच आपल्या न बोलण्याला. त्यात पाच दिवसांचं काय.

बाबा जेवायला लागलेत. मुख्य हेच सांगायचं होतं. दिवाळीनंतर त्यांनी खाणं जवळजवळ सोडलं होतं. वरची कवळी तिसऱ्यांदा तुटली, तीही मऊभात खाताना. तिन्ही वेळा एकाच जागी, पुढच्या दोन दातांच्या मधून सरळ मागे.

तू एकदा विचारलं होतंस, दगडासारखी दिसणारी वस्तू भातावर कशी तुटते. ती दगडासारखी नसते गं. प्रत्येक घासाला वाकते. टाळूच्या मधोमध कठीण हाड असतं, तिथे कवळी टेकून राहते. दोन्ही बाजूंच्या हिरड्या मऊ, त्यांत ती रुतते. मधला भाग अडलेला आणि दोन बाजू दबलेल्या, अशी ती चावताना वाकते, सोडलं की सरळ होते. केसाच्या जाडीइतकीही नाही, पण दिवसातून हजारदा. वरच्या ओठाची शीर बसावी म्हणून पुढे एक खाच ठेवावी लागते. भेग तिथे जन्मते. मी हे बाबांना समजावत होते तर म्हणाले, "माका काय सांगतंस? साच्यावर ताणो तुटता तो वढ बसता थयच." कापडाची गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली, पण साचा त्यांच्या बोलण्यात अजून चालूच आहे.

तर मी सांधत बसले नाही. नवीन करून दिली. दात चांगले मिळाले.

आमच्या कवळ्यांच्या गाळ्यावर काम पाठवणाऱ्या डॉक्टरांपैकी गार्गी म्हणून एक मुलगी आहे, डेंटल कॉलेजात शिकते. चावताना वरची कवळी किती वाकते याचंच तिला मोजमाप करायचंय, अभ्यासासाठी. नखाएवढ्या तीन चकचकीत पट्ट्या कवळीवर चिकटवायच्या, बारीक वायरी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढायच्या, त्या खिशातल्या डबीला जोडायच्या. पट्टी ताणली की डबीत आकडा पडतो. असा माणूस हवा होता की ज्याला वायरींची लाज वाटणार नाही. बाबा म्हणाले, "काय गो, माका रिमोटार चलवतलंस काय?" पण बसले. दुपारी जेवताना लावतात. चार घास खायचे ते पोळी, भात, पुन्हा भात, असं खातात.

एकच गोष्ट. बाबा डाव्या बाजूने चावतात. तू हसशील, पण त्यांच्या उजव्या गालावरून तू त्यांना हनुमान म्हणायचीस ना? जन्मभर उजवीकडेच घास धरला त्यांनी. आता डावीकडे.

तुझी,
इरा


३० जानेवारी

ताई,

पाकीट परत आलं नाही. म्हणजे तू घेतलंस. वाचलंस की नाही ते मी विचारणार नाही.

काल बुधवार, गार्गी येऊन गेली. दर बुधवारी येते आणि डबीतलं सगळं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेते. पडद्यावर डोंगराच्या रांगेसारखी रेघ दिसते, एक शिखर म्हणजे एक चावा. तिने आणखी सहा म्हाताऱ्या माणसांच्या रेघा दाखवल्या. सगळ्यांच्या धांदलीच्या. बाबांचीच वेगळी. अकरा शिखरं, सगळी डावीकडे कललेली, सारख्या अंतरावर. मग सपाट. मग पुन्हा अकरा.

"बाबा मोजून चावतात का?" गार्गीने विचारलं.

मी म्हटलं, नाही. बाबा पाच मिनिटांत ताट पुसून उठणारा माणूस, पाळीचा भोंगा व्हायच्या आत. मोजून कोण चावायचं ते तुला ठाऊक आहे. सावकाश, डाव्या दाढेने, आणि मग जीभ टाळूला लावून जरा थांबणं. तू तिची नक्कल करायचीस आणि ती चमचा उगारायची.

परवा बाबांनी बोंबील मागितले. सुके, निखाऱ्यावर भाजलेले, वर कच्चं खोबरेल. ज्या वासाने ते ताट उचलून बाहेरच्या खोलीत जायचे. मी गॅसवर जाळी ठेवून भाजले. त्यांनी काट्यासकट खाल्ले आणि मी बघत राहिले, तर म्हणाले, "इतक्या काय बघतंस, बाय? जेव."

बाय. त्यांनी मला आयुष्यात बाय म्हटलेलं नाही. मी इरे, तू सुहास. बाय कोण म्हणायचं?

मी कवळी धुताना भिंगाखाली पाहिली. पुढच्या खाचेपासून भेग निघालीय. दोन महिने नाही झाले. पाच मिलिमीटर.

तेराव्याला तू मला एकच प्रश्न विचारला होतास. तो मला हल्ली भांडी घासताना आठवतो. मी उत्तर दिलं होतं. त्याबद्दल लिहायचंय, पण आज नको.

इरा


१४ फेब्रुवारी

ताई,

बसून लिहिते, उठायचं नाही असं ठरवून.

तू विचारलं होतंस, "आईला दात घातलेस ना?" मी हो म्हणाले. घातले नव्हते.

तिने आपल्या दोघींना किती वेळा सांगितलं होतं: "बाय, माका बोळक्या तोंडान धाडू नको गो." कपाळाला कुंकू नसलं तरी चालेल, दात हवेत. इस्पितळातल्या सिस्टरने कवळी एका प्लास्टिकच्या डबीत घालून माझ्या हातात दिली. मी ती पर्समध्ये टाकली. तुझी गाडी पनवेलच्या पुढे अडकली होती आणि विद्युतदाहिनीत चारची वेळ मिळाली होती. तुझ्यासाठी थांबायला हवं होतं. सगळे घाई करत होते, आणि मीही केली. दीड तासाचा प्रश्न होता. त्याबद्दल तू मला बोललीस ते बरोबरच होतं.

तिथला माणूस सगळ्यांना सांगतो तसं मलाही म्हणाला, "ताई, चष्मा, कवळी, प्लास्टिकचं काही असेल तर काढून घ्या." मला सोपं झालं. म्हणायला कारण मिळालं. पण खरं सांगते, त्याच्या आधी घरी दोन तास होते. मी या धंद्यातली बाई. आखडलेल्या जबड्यातही मला बसवता आली असती. मी हात उचलला नाही. मला तिचं काहीतरी ठेवायचं होतं. साड्या तू नेणार, पाटल्या वाटल्या जाणार. ही कवळी मी केलेली होती. माझ्या हातची पहिली पूर्ण कवळी, तिच्यासाठी. तीन वेळा मेण वितळवून दात पुन्हा लावले होते, तेव्हा कुठे तिचं हसणं जमलं होतं.

आता पुढचं. नोव्हेंबरात बाबांची तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मी त्यांना नवे दात लावून दोन कवळ्या करून दिल्या. दोन्ही त्यांनी थुंकून टाकल्या. म्हणाले, परक्याचे वाटतात. आठ दिवस नुसत्या पेजेवर. आणि माझ्या कपाटात आईच्या कवळीची ती डबी.

मी आईच्या कवळीतले दात कापून काढले, चौदाच्या चौदा, मागच्या गुलाबी पट्टीसकट. बाबांच्या टाळूच्या साच्यावर मेणात बसवले. शिजवून, घासून, पॉलिश करून त्यांच्या तोंडात घातले. त्यांनी दोनदा दात वाजवले आणि म्हणाले, "वाढ."

मला त्या दिवशी इतका आनंद झाला, ताई. मी पाप करतेय असं एकदाही वाटलं नाही.

डावीकडे चावण्याचं कारण मी शोधलं. आईच्या डाव्या दाढा घासून खोलगट झालेल्या होत्या. घासलेला दात समोरच्या जबड्याला वाट दाखवतो. बाबांचे खालचे दात अजून बरेचसे स्वतःचे आहेत, ते त्या खोलगटात घसरतात. यात काही नाही.

पण दुसरं एक आहे, त्याला मला कारण सापडत नाही. आईचा जबडा लहान. तिच्या दातांची कमान बाबांच्या हिरड्यांच्या आतल्या बाजूला बसली. दात आत असले की बाजू कमी दबतात, कवळी कमी वाकते, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. ही कमी वाकायला हवी होती. गार्गीने तीनदा तपासलं. ही बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वाकते. घास मऊ असला तरी. जणू बाबा चावतायत तितकंच आणखी कुणीतरी चावतंय.

भेग नऊ.

इरा


६ मार्च

ताई,

गेल्या शुक्रवारी बाबांना ताप होता. कवळी काढून वाटीत पाण्यात ठेवली होती, वायरी तशाच, डबी शेजारी. डबी बंद करायला मी विसरले. काल गार्गीने ती लॅपटॉपला लावली आणि म्हणाली, "शुक्रवारी जेवले ना बाबा व्यवस्थित?"

मी म्हटलं, शुक्रवारी कवळी वाटीत होती.

दुपारी दीडला रेघ सुरू होते. अकरा शिखरं. सपाट. अकरा. सपाट. वीस मिनिटं. मग सगळं शांत.

गार्गीने वायर बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाली, "वायर ओली झाली असेल, ताई. ओल्या वायरीवर काहीही आकडे येतात." आणि तो भाग पुसून टाकला. हुशार मुलगी आहे, तिचं खरंही असेल. शुक्रवारी दीड वाजता मी स्वयंपाकघरात बोंबील भाजत होते, माझ्यापुरते. वाटी ओट्यावरच होती. मला काही ऐकू आलं नाही. नळ गळत होता तेवढाच आवाज.

नाही, खोटं नको आता. पाणी हललेलं मी पाहिलं होतं. रस्त्यावरून ट्रक गेला असेल म्हणून पाहिलंच नाही असं केलं. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर. इथे कुठल्या ट्रकने पाणी हलतं?

गार्गी गेल्यावर मी बाबांच्या पुढ्यात बसले. म्हटलं, बाबा, ही काढून देते, दुसरी करू. त्यांनी तोंड घट्ट मिटलं, लहान मूल मिटतं तसं. मग हसले. तिचं हसणं, ताई. दात मीच लावले होते, मी ओळखणार नाही?

"दात तिचे ना?" म्हणाले.

मी होकाराची मान हलवली.

"माका पयल्या दिसाकच कळला. पन्नास वर्सां समोर बसान जेवलंय तिच्या. ती खयच्या दातान चावता ता माका म्हायत नाय?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग अगदी साधेपणाने, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाले, "तिका जावचा आसा. तुया धरून ठेवलंस. आता माज्या तोंडात ऱ्हवांदेत. मी जाईन तेवा घेवन जातंय तिका."

"बाबा, दाहिनीवर काढायला लावतात."

"सुहासाक बोलव. ती भांडात."

तर हे आहे. याच्यासाठी मी तुला लिहितेय, आणि बाकी सगळं त्याच्याभोवतीचं. आईची एकच इच्छा होती आणि ती मी मोडली. ती पुरी करायची आता एवढी एकच वाट उरलीय, आणि दाहिनीच्या दारात त्या माणसासमोर उभं राहून "नाही काढणार" म्हणायची हिंमत माझ्यात नाही. गेल्या वेळीही नव्हती. तुझ्यात आहे. बाबा आज-उद्या जातायत असं नाही. पण डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते आवडण्यासारखं नव्हतं.

आणि तोवर ही कवळी टिकायला हवी. भेग चौदा झालीय. अर्ध्या टाळूच्या पुढे गेली की ती थांबत नाही, एका घासात जाते. मी सांधू शकते, पण गाळ्यावर न्यायची तर दोन दिवस लागतात, आणि बाबा सोडत नाहीत.

भाकरी बंद केलीय. बोंबीलही. पण मी वाढते त्यानेच ती वाकते असं मला आता वाटत नाही.

ये ना गं.

इरा


२५ मार्च

ताई,

काल दुपारी तुटली.

पेज होती ताटात. नुसती पेज, मीठ घालून. चावायला काहीही नाही. बाबांनी दुसरा घास घेतला आणि काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्यांनी तोंडात बोट घालून दोन्ही तुकडे काढले, ताटाच्या कडेला ठेवले. रक्त नाही, काही नाही. तुटल्या कडा अशा स्वच्छ की कुणी रेघ ओढून कापल्यात. सात दात एकीकडे, सात एकीकडे.

मी म्हटलं, द्या, तासाभरात सांधते, तात्पुरती, घरीच, गोंद आणते.

"सांदू नको गो," म्हणाले. बोळक्या तोंडाने, पण माझ्याशी त्यांच्याच आवाजात, खूप दिवसांनी. "इरे, एकट्यान तर अजिबात सांदू नको. येक तुजी, येक सुहासाची. दोगी मेळून सांदा. मगे घाला माका."

उजवी मला दिली. डावी तुझी.

पाकिटातल्या डबीत ओल्या कापसात आहे ती. घाबरू नकोस, आणि फेकू नकोस. मिळाल्याबरोबर वाटीत पाण्यात ठेव. सुकली तर आकसते, वेडीवाकडी होते, मग कडा एकमेकींना जुळणार नाहीत. हे मी कारागीर म्हणून सांगतेय.

बहीण म्हणून सांगायचं ते असं. मी सगळ्या वायरी कापल्या. पट्ट्या खरवडून काढल्या. डबी गार्गीला परत दिली. माझ्याकडची अर्धी ओट्यावर वाटीत आहे, तिला आता काहीही जोडलेलं नाही. आज दीड वाजता मी स्टूल घेऊन तिच्यासमोर बसले. नळ घट्ट बंद केला, पंखा बंद केला.

पाणी अकरा वेळा हललं. मग थांबलं. पुन्हा अकरा.

मला भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली, पण तिच्याआधी भूक लागली. मी ताट वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसून जेवले. आई कधी एकटी जेवली नाही, आठवतं? बाबा पाळीवर, तू कॉलेजात, तर मी शाळेतून येईपर्यंत तीन-तीन वाजेतो थांबायची.

बाबा पेज पितात. खिडकीकडे बघत असतात. विचारतात, "येतली काय?" मी म्हणते, येईल.

यायचं नसेल तर येऊ नकोस. पण मग एवढं कर. दीड वाजता वाटीजवळ बस. डावी बाजू तुझ्याकडे आहे, आणि ती डाव्या बाजूनेच जेवते.

इरा


कांदिवली पश्चिम
२ एप्रिल

इरे,

पाकीट सोमवारी मिळालं. आधीची चारही वाचलीत. दोनदा.

तू खोटं बोललीस ते मला तेराव्यालाच कळलं होतं. मी विचारलं आणि तुझा हात पर्सवर गेला. मी वाट बघत होते की तू सांगशील. दोन वर्षं आठ महिने लावलेस. मूर्ख कुठली. मला राग दातांचा नव्हताच, तू थांबली नाहीस त्याचाही आता नाही. तू तिला एकटीने ठेवून घेतलंस, याचा होता.

वाटी देवघरात ठेवणार होते, मग वाटलं आई काय देव नाही. ओट्यावरच ठेवली. सोमवारी बसले. काल बसले. आज ऑफिसातून अर्धा दिवस टाकून आले आणि बसले. घरी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, तुझं डोकं फिरलंय आणि तुला कुठल्या तरी डॉक्टरकडे न्यावं लागणार.

अकरा नाही, बारा आहेत. शेवटचा अगदी हलका असतो, पाणी नुसतं कडेला लागतं. तू लहानपणापासून मोजताना घाई करतेस. तीन दिवस मोजलं मी, बाराच.

शनिवारी येते, दुपारच्या आत. डावी बरोबर आणते, ओल्या कापसात, नीट. तू गोंद की काय ते आणून ठेव. मी धरीन, तू सांध. दाहिनीवरच्या माणसाशी काय बोलायचं ते माझ्यावर सोड, त्याच्यासारख्यांना मी सोसायटीच्या दर मीटिंगला खाऊन टाकते.

बाबांना म्हणावं, तोवर कुठे जायचं नाही.

बोंबील आण. तीन ताटं नको, चार वाढ.

सुहास